हरवलं कोणाला?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चोविसावे! कॅप्रॉक स्टेट अख्ख्या देशात चोविसावे! संध्याकाळी टीव्हीवर कॉलेज फुटबॉलची पहिली क्रमवारी लागली आणि अगदी तळाशी आमच्या लेकाच्या, ऋषीच्या कॉलेजचं बोधचिन्ह, निळा आर्मडिलो झळकला. मी अशी किंचाळले की उल्हास हातातली लसूण टाकून धावत आला. त्याला वाटलं, मी पाय घसरून पडले.

पंधरा मिनिटं आनंद टिकला, मग डोकं फिरलं. आठ मॅच खेळून आठही जिंकलेली टीम चोविसावी, आणि तीनदा हरलेली टीम चौदावी! का, तर म्हणे ती ‘स्ट्राँग कॉन्फरन्स’मधली. म्हणजे मोठ्या घरचा नापास झाला तरी हुशार, आणि आमचा पहिला आला तरी शाळाच साधी. बाप्पा, काय न्याय आहे!

मलाच हे सगळं समजायला चार वर्षं लागली, म्हणून लिहून ठेवते. इथे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. चार मोठ्या, श्रीमंत. बाकीच्या आमच्या हाय प्लेन्स कॉन्फरन्ससारख्या, ज्यांच्या मॅच बघायला टीव्हीवर चॅनेल शोधावा लागतो. शेवटी बारा टीम प्लेऑफला जातात. त्या बारा कोण, हे एक कमिटी ठरवते. सगळ्या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांमध्ये मिळून खात्रीची जागा एकच. ती हवी तर आमच्या पोरांनी एकदाही हरायचं नाही.

ऋषी लाँग स्नॅपर आहे. म्हणजे किक मारायची वेळ आली की हा वाकतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. बस, एवढंच. पुण्याच्या सासूबाईंना समजावलं तर म्हणाल्या, “वाकून उभं राहायला स्कॉलरशिप देतात?” देतात! पहिलं वर्ष बाकावर गेलं, पण नंतरच्या तीन सीझनमध्ये एक चेंडू वाकडा गेलेला नाही. त्याचं नाव कोणी घेत नाही, कारण लाँग स्नॅपरचं नाव तो चुकला तरच घेतात. मे महिन्यात डिग्री होईल. नियमाने खेळायचं एक वर्ष शिल्लक राहतं, पण मी हेच शेवटचं धरून चालले आहे. प्लेऑफ खेळायचा तर या वर्षीच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नऊपैकी नऊ. मॅच घरूनच बघितली.

मराठी मंडळाचंही काम उरकलं. जानेवारीत आपल्या फ्रिस्कोत टेक्सासमधल्या मंडळांचा विभागीय एकांकिका महोत्सव आहे आणि निवड समितीची अध्यक्ष मी. यजमान म्हणून फ्रिस्कोची एकांकिका थेट, म्हणजे आमचीच, मुख्य भूमिकेत अस्मादिक. उरल्या तीन जागा आणि फेऱ्या जिंकून आलेल्या एकांकिका चार: ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियो आणि विचिटा फॉल्स. चारही व्हिडिओ आज बघायचे होते. ह्यूस्टनचा सकाळी नीट बसून बघितला, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो दुपारी. विचिटा फॉल्सचा मॅचच्या वेळी लॅपटॉपवर लावला, आवाज बंद ठेवून. एक कपाट आणि त्यात कोंबलेली चार माणसं. नेपथ्य म्हणून खरंच कपाटच! दुसऱ्या क्वार्टरमध्ये पंट, म्हणजे लांब किक मारून चेंडू समोरच्यांना द्यायची वेळ आली, ऋषी मैदानात उतरला आणि नंतर माझं लक्ष राहिलं नाही. पण अंदाज आला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज ऑफिसमध्ये क्लेटनशी जुंपली. क्लेटन माझ्या शेजारी बसतो, पिढीजात टेक्सन, आणि त्याची टीम मोठ्या कॉन्फरन्समधली. दोनदा हरलीय, तरी नववी. मला म्हणाला, “अहिल्या, तुमची पोरं गोड आहेत. पण त्यांनी हरवलं कोणाला?”

हरवलं कोणाला! मी म्हटलं, समोर जो आला त्याला! तुमच्यासारखे मोठे लोक आमच्याशी खेळायला तयारच नसतात. बोलावलं तर म्हणतात तारीख नाही. मग आम्ही काय रस्त्यावरून माणसं पकडून आणायची?

त्यावर तो शांतपणे म्हणाला, “ईस्ट बायू पण छोट्याच कॉन्फरन्सची आहे ना? ते मोठ्या दोघांशी खेळले. एक जिंकले, एक हरले. ती हार तुमच्या नऊ विजयांपेक्षा भारी आहे.”

हार विजयापेक्षा भारी! मी त्याला विचारलं, आमची एक तरी मॅच बघितलीस? नाही म्हणाला. मग बोलू नकोस, म्हटलं. मी टेस्टर आहे बाबा. प्रोग्रॅम चालवून बघितल्याशिवाय पास नाही करत आणि फेलही नाही करत.

घरी येऊन उल्हासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “वा.” पुणेरी माणसाचं ‘वा’ म्हणजे काय, ते तीस वर्षांत मला कळलेलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

दहापैकी दहा! क्रमांक एकवीस!

सकाळी मंडळाची मीटिंग झाली, प्रल्हादकाकांच्या घरी. काका मंडळाचे संस्थापक, पंचाहत्तरीचे, आवाज अजून खणखणीत. तासाभरात निर्णय झाला. ह्यूस्टन आलंच, तिथे नऊ एकांकिकांमधून पहिली आलेली. ऑस्टिन, सॅन अँटोनियोही तगडे. कोणीतरी विचारलं, विचिटा फॉल्सचं काय, तेही त्यांच्या फेरीत पहिले आहेत. मी म्हटलं, आहेत, पण तिथे एकांकिका तीनच होत्या. चौदा मराठी घरांचं गाव ते. कौतुक आहेच त्यांचं, पण पहिले आले म्हणजे हरवलं कोणाला? दर्जा नावाची काही गोष्ट असते की नाही?

सगळ्यांना पटलं. काका म्हणाले, “अध्यक्ष असावी तर अशी.” बरं वाटलं. मीटिंगनंतर काकूंनी पुरणपोळी दिली, ती उल्हाससाठी घेऊन आले.

उल्हास आमच्या एकांकिकेची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे मीटिंगचा वृत्तांत त्याला सांगितलाच. पोळी खाताना तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, “काही नाही. पोळी छान आहे.”

गुरुवार, २० नोव्हेंबर

ऋषीचा फोन. इकडचं तिकडचं बोलला आणि मग मध्येच: “आई, सपोज, मला बिग कॉन्फरन्समध्ये खेळायचा चान्स मिळाला असता, यू वुड हॅव वाँटेड दॅट, राइट?”

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? उद्या जा म्हटलं असतं! लाख माणसांचं स्टेडियम, दर शनिवारी टीव्हीवर, आणि कोणी विचारलं तर कॉलेजचं नाव पुन्हा सांगायला लागत नाही.

“ओके,” म्हणाला. आवाज जरा बसला होता. सर्दी असेल, तिकडे थंडी पडलीय. हळद-दूध घे म्हटलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला जोडून कॅप्रॉकला आलोय. पाच तास गाडी, दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी शेतं आणि पवनचक्क्या. स्टेडियम म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याचं मैदान वाटावं एवढं, पण आज खचाखच. शेवटच्या मिनिटाला अडतीस यार्डांवरून किक मारून जिंकलो. सगळे किकरला खांद्यावर घेऊन नाचत होते. मॅडॉक्स त्याचं नाव, लाल केसांचा, ऋषीचा रूममेट. स्नॅप कोणी केला? माझ्या लेकाने! चेंडू असा सरळ गेला, जसा दोरीवरून ओढलाय. मी ओरडून ओरडून आवाज घालवला. शेजारचा शेतकरी विचारत होता, तुमचा मुलगा किकर का? मी म्हटलं, नाही, ज्याच्यामुळे किकर किकर आहे तो!

बारापैकी बारा. अभिमानाने ऊर भरून येतो म्हणतात, मला तर श्वासच घेता येईना.

संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा ऋषीचा फोन दोनदा वाजला. नंबर बघून त्याने कट केला. मी विचारलं, कोण? “नोबडी. सम कोच.” उल्हासने त्याच्याकडे बघितलं, त्याने उल्हासकडे. बापलेकांचं काय चालतं देव जाणे.

मंगळवार, २ डिसेंबर

आम्ही एकोणिसावे. ईस्ट बायू अठरावे. एकदा हरलेले ते आमच्या वर!

खरं इथेच लिहिते, क्लेटनला सांगणार नाही: त्यांनी एका मोठ्या टीमला हरवलंय, आम्ही कोणालाच नाही. रात्री अंथरुणात हा विचार येतो आणि मी कूस बदलते. पण आमची पोरं काय कमी आहेत? ती मोठ्यांसमोर उभी राहिलीच नाहीत तर कळणार कसं? आधी मैदानात तर येऊ द्या! हे कमिटीवाले उंटावरून शेळ्या हाकतात.

शनिवार, ६ डिसेंबर

चॅम्पियन! हाय प्लेन्स कॉन्फरन्सचे चॅम्पियन! तेरापैकी तेरा!

ईस्ट बायूही त्यांची फायनल जिंकले. असू दे. उद्या सकाळी अकराला कमिटीचा निकाल. देवाजवळ दिवा लावलाय. उल्हास म्हणाला, देवाची कॉन्फरन्स कुठली? आजच्या दिवशी त्याला माफ केलं.

रविवार, ७ डिसेंबर

नाही घेतलं.

बारावी जागा ईस्ट बायूला. आम्ही सोळावे. देशात न हरलेल्या टीम दोनच होत्या, त्यातली एक पहिली आणि दुसरी घरी.

टीव्हीवर एक कोटवाला म्हणाला, “कॅप्रॉकची एकही मॅच मी बघितलेली नाही, पण त्यांचं वेळापत्रक बघितलं की बघायची गरज वाटत नाही.” आणि बाकीचे हसले. हसले! मी रिमोट सोफ्यावर आपटला. कुणाचं तरी वर्षभराचं रक्त-पाणी, आणि याला बघायची गरज वाटत नाही!

ऋषीला फोन लावला. सगळी टीम कॉलेजच्या मेसमध्ये एकत्र बसून निकाल बघत होती. पोरांचा जल्लोष टिपायला गावातल्या चॅनेलने कॅमेरा लावला होता. निकाल आला, आणि तो कॅमेरावाला काही न बोलता वायरी गुंडाळायला लागला. “दॅट वॉज द वर्स्ट पार्ट, आई,” म्हणाला. “ही वॉज सो क्वाएट अबाउट इट.”

मी रडले. तोच मला समजावत होता.

सोमवार, ८ डिसेंबर

ऑफिसला सुट्टी टाकली. डोकं चालत नव्हतं, म्हणून मंडळाची राहिलेली कामं केली. निवडलेल्यांना अभिनंदनाची ईमेल पाठवली आणि विचिटा फॉल्सला ‘आपल्या प्रयत्नांचं समितीला मनापासून कौतुक आहे, तथापि’वाली.

आम्हाला एक फुटकळ बाउल मिळालाय, म्हणजे प्लेऑफमध्ये न गेलेल्यांचा सांत्वनाचा सामना. वायोमिंगमधल्या शायेनला, २७ तारखेला, मोठ्या कॉन्फरन्समधल्या पाचदा हरलेल्या टीमशी. उल्हासने लगेच हॉटेल बुक केलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज फार वाईट झालं.

दुपारी विचिटा फॉल्सहून फोन आला. इला नाव, तिकडे शाळेत शिकवते, एकांकिका तिनेच लिहिलीय आणि बसवलीय. अगदी अदबीने बोलली. “अहिल्याताई, तक्रार करायला नाही फोन केला. समितीचा निर्णय मान्यच आहे. एकच विचारायचं होतं. शेवट कसा वाटला तुम्हाला? आमच्यात त्यावरून दोन तट आहेत.”

मी म्हटलं, “छान होता. परिणामकारक.”

“कुठला?”

“कुठला म्हणजे?”

 ती म्हणाली, “आम्ही दोन शेवट केलेत, ताई. एकामागून एक.”

“हो, म्हणजे, दोन्हीही छान,” मी म्हटलं. तिला कळलं. मला कळलं की तिला कळलं. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. “बरं, ठेवते हं ताई, तुम्ही ऑफिसात असाल,” म्हणाली आणि ठेवला.

उल्हासला सांगितलं. वाटलं, धीर देईल. तो म्हणाला, “आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.”

मी म्हटलं, तुला हे कधीपासून माहीत होतं? म्हणाला, “पुरणपोळीपासून.”

मेल्याने तेव्हाच बोलायला काय झालं होतं! दार आपटून वर आले. राग त्याचा आला नव्हता, माझाच आला होता. त्या कोटवाल्यात आणि माझ्यात कोटाचाच काय तो फरक. मी तर वर टेस्टर म्हणून मिरवते!

बुधवार, १० डिसेंबर

बघितली. आवाज लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

चक्रीवादळाचा भोंगा वाजतो म्हणून सासू, सून, मुलगा आणि नात, इथे सगळे करतात तसे, घराच्या मधोमधच्या कपाटात दाटीवाटीने बसतात. बाहेर वारा, आत वर्षानुवर्षं न बोललेल्या गोष्टी. मी दोनदा मोठ्याने हसले आणि एकदा व्हिडिओ थांबवून डोळे पुसले. मग वादळ जातं. पहिल्या शेवटात घर जसंच्या तसं असतं आणि सासू म्हणते, “आधी चपला घाला.” सगळे हसतात. अंधार. पुन्हा तेच कपाट, पुन्हा दार उघडतं, आणि या वेळी बाहेर घरच नाही, नुसत्या काचा. सासू तेच म्हणते, त्याच आवाजात: “आधी चपला घाला.”

चौदा घरांच्या गावात हे कोणी लिहिलं? आणि मी कौतुक आहे म्हणाले, तथापि!

शनिवार, १३ डिसेंबर

तातडीची मीटिंग बोलावली. सरळ सांगून टाकलं की मी विचिटा फॉल्सचा व्हिडिओ अर्धवट बघितला होता. मग विचारलं, बाकी कोणी पूर्ण बघितला? सगळे चहात बघायला लागले. तुमच्यावर विसंबलो, म्हणाले.

मी म्हटलं, चार फेऱ्या, चार विजेते. चौघांनाही जागा होती, पण एक आपण खाल्ली, यजमान म्हणून. काका भडकले. “घरच्या मांडवात घरचेच उपाशी? हॉल आपला, जेवण आपलं, खुर्च्या उचलणार आपण, आणि आपलंच नाटक नाही?”

“असेल काका, पण मिळवून. पाचही व्हिडिओ बाहेरच्या माणसाला देऊ. ॲन आर्बरला कादंबरी नावाच्या एक बाई आहेत, युनिव्हर्सिटीत नाटक शिकवतात, आपल्याला कोणाला ओळखत नाहीत. गावांची नावं काढून पाठवू. त्या निवडतील त्या चार.”

आमच्या नाटकातले चौघे माझ्याकडे असे बघत होते, जसं मी त्यांच्या ताटातलं उचललं. एक तर म्हणालाच, “तुमच्या मुलाच्या टीमचा राग आमच्यावर का काढता?” लागलं. पण उत्तर दिलं: राग नाही रे. तिकडे जे मागत होते, ते इकडे देत नव्हते.

 मग काकांनी मांडीवर थाप मारली. “पाठवा! बघू दे त्या बाईंना. पहिले आपणच येणार.”

मलाही तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू. इलाला फोन करून माफी मागितली आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताई, तुम्ही बघितलीत ना? मग मला वादळ आलं तरी चालेल.”

शनिवार, २० डिसेंबर

कादंबरीबाईंचा निकाल. विचिटा फॉल्स पहिले. ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियो. आणि पाचवे फ्रिस्को.

पाचवे! आम्ही! माझ्याबद्दल लिहिलंय, ‘मुख्य अभिनेत्रीचा अभिनय मोठा आहे.’ मी तासभर ते कौतुक समजत होते. उल्हासने विचारलं, “मोठा म्हणजे आवाज का गं?” तेव्हा उजेड पडला.

काकांनी फोनवर एक सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “चला, म्हणजे खुर्च्या उचलायला माणसं मोकळी झाली.” मानलं म्हाताऱ्याला. दुपारी आमच्या नाटकातल्या चौघांना जेवायला बोलावलं. तिघे आले.

जीव चडफडतोय, पण एक गंमत सांगते: लाज नाही वाटत. बघून पाचवे ठरवलंय आम्हाला. न बघता पहिले होतो, त्यापेक्षा हे बरं.

शुक्रवार, २६ डिसेंबर, शायेन

काल निघालो, दोन दिवसांचा रस्ता. इथे वारा असा की गाडीचं दार धरून उतरावं लागतं.

टीमची बातमी वाईट. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, टीम सोडून गेला. चेंडू झेलणारा सगळ्यात भारी मुलगा गेला. पुढच्या फळीतले दोघे धिप्पाडही गेले. सीझन संपताच मोठ्या कॉन्फरन्सच्या कॉलेजांनी त्यांना उचललं. ज्या पोरांना कमकुवत म्हणाले, तीच पोरं त्यांना हवी होती! उद्या जे खेळतील, त्यातले अर्धे बाकावरचे.

संध्याकाळी ऋषी हॉटेलवर आला आणि मॅगी खाता खाता म्हणाला, “आई, आय हॅव टु टेल यू समथिंग. डोन्ट गेट मॅड.”

त्यालाही बोलावणं होतं. नोव्हेंबरपासून. क्लेटनच्या टीमकडून! पुढचं एक वर्ष, मास्टर्सची फी माफ, लाख माणसांचं स्टेडियम. आणि याने त्यांना चक्क ‘नाही’ कळवलं. कॅप्रॉकमध्येच राहणार, मास्टर्सही तिथेच.

“मूर्खा!” मी म्हटलं. खरंच म्हटलं, लिहून ठेवते. मग आठवलं, नोव्हेंबरमध्ये त्याने मला विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, उद्या जा. सर्दी नव्हती ती.

“का रे?” विचारलं.

“एव्हरीबडी लेफ्ट, आई. मॅडॉक्स राहिलाय. नवीन मुलं येणार, देअर्स ए फ्रेशमन हू कान्ट स्नॅप टु सेव्ह हिज लाइफ. समबडी हॅज टु बी देअर.” मग मराठीत, अडखळत: “आणि मला तिथे आवडतं. ते छोटं आहे म्हणून नाही. ते माझं आहे म्हणून.”

उल्हासकडे बघितलं. अर्थातच त्याला माहीत होतं. “तुझ्याकडून हो ऐकल्यावर बिचारा कोणाला विचारणार?” म्हणाला.

शनिवार, २७ डिसेंबर, शायेन

हरलो. वीस-सतरा.

आधी हे लिहिते की पोरं काय खेळली! पहिल्या अर्ध्यात सतरा-शून्यने मागे होतो. मागच्या रांगेत समोरच्या टीमचे लोक म्हणत होते, बघा, कमिटी बरोबर होती. मी मान वळवली नाही. मग बाकावरच्या त्या पोरांनी, ज्यांची नावं समालोचकालाही उच्चारता येत नव्हती, इंच इंच करत सतरा केले. बर्फ पडायला लागलं. त्यांनी एक किक मारून वीस केले. शेवटचे चार सेकंद उरले, आणि आम्हाला किक मिळाली. चव्वेचाळीस यार्ड. गेली तर बरोबरी.

ऋषी वाकला. वारा आडवा, चेंडू बर्फासारखा गार, समोर त्याच्या दीडपट माणसं. मी उल्हासचा हात इतका दाबला की त्याने अजून दाखवायला ठेवलाय. स्नॅप सरळ गेला. काय सरळ गेला! मॅडॉक्सने मारला, चेंडू उंच गेला, वाऱ्याने वळला आणि खांबावर आपटून बाहेर आला.

संपलं. ते लोक मैदानात धावले, फटाके, गाणी, कॅमेरे. क्लेटनचा मेसेज आला: ‘त्या मुलांना चार तगडे मित्र सोडून गेले नसते तर? मी सगळी मॅच बघितली, अहिल्या.’ मी त्याला उत्तर पाठवलं, पहिल्यांदाच एक शब्दही न भांडता.

आमचे लोक उठून जायला लागले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, निळी टोपी, मिशांवर बर्फ, कॅप्रॉकहून एकटेच गाडी चालवत आलेले. त्यांनी मैदानाकडे बघत विचारलं, “यातला तुमचा कुठला?”

हा प्रश्न मला सीझनभर कितीदा विचारला गेलाय, आणि दर वेळी मी क्रमांक सांगितला, तेरापैकी तेरा सांगितलं, कमिटीचा उद्धार केला, लाँग स्नॅपर म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं. आज मी फक्त मैदानाकडे बघितलं. खाली सगळे निघून गेले होते. मॅडॉक्स एकटाच चव्वेचाळीस यार्डांवर बर्फात गुडघ्यांवर बसून होता, तोंड हातांत खुपसून. आणि एक मुलगा हेल्मेट काढून त्याच्या शेजारी बराच वेळ बसला. मग त्याने मॅडॉक्सच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.

“तो,” मी म्हटलं. “उचलतोय ना, तो माझा.”